देवमासा किनाऱ्याला लागला की दर वेळी सोनारच का?

निवृत्त_चीफ
रविवार, रात्री ९:४०

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक व्हिडिओ आला. वाळूत आडवा पडलेला देवमासा, भोवती मोबाइल उंचावून उभी असलेली माणसं, आणि खाली लाल अक्षरांत 'नौदलाच्या सोनारचा आणखी एक बळी'. (सोनार म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुड्या वगैरे शोधायचं यंत्र.) किनारा कुठला, साल कुठलं, मासा कुठल्या जातीचा, कशाचाच पत्ता नाही. मी तेवढंच विचारलं, तर एका पोराने लिहिलं, "काका, तुम्ही जहाजावरचे. तुम्ही दुसरं काय म्हणणार?" टोमणा लागला, कारण तो अर्धा खरा होता.

३१ वर्षं इंजिनरूममध्ये काढली. जहाजाच्या पार मागे, जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या जवळजवळ डोक्यावर, स्टिअरिंग गिअरची खोली असते. जहाज पूर्ण वेगात असताना तिथे उतरलं की खालून कोणीतरी पत्र्यावर सतत खडी ओततंय असं वाटतं. पंख्याच्या पात्यामागे दाब इतका पडतो की पाणी थंडच्या थंड उकळतं. बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात, त्याचा हा आवाज. जहाज दुरुस्तीसाठी ड्रायडॉकला, म्हणजे कोरड्या गोदीत, चढलं की आम्ही पात्यावरून बोट फिरवून बघायचो. देवीच्या व्रणांसारखे खड्डे लागायचे. खड्ड्यांची काळजी पुष्कळ केली, रिपोर्ट लिहिले, पाती घासून घेतली. तो आवाज पाण्यात पलीकडे कोणाला ऐकू जात असेल, हे मात्र कधी मनातही आलं नाही.

निवृत्तीनंतर वाचायला लागलो. १५ मार्च २००० रोजी अमेरिकन नौदलाची जहाजं बहामा बेटांमधल्या खोल पाण्यातून मध्यम पट्ट्यातलं (फार खर्जाचं नाही, फार चढं नाही अशा आवाजाचं) सोनार चालवत गेली. ३६ तासांत १७ जनावरं किनाऱ्यांना लागली. त्यातले बहुतेक चोचवाले देवमासे. केन बालकोंब हा देवमाशांचा अभ्यासक नेमका तिथेच राहत होता आणि एक मासा थेट त्याच्या घरासमोर उथळ पाण्यात आला. गंमत म्हणजे हा माणूस आधी स्वतः नौदलात होता, पाण्याखालचे आवाज ऐकायचं काम केलेला. मेलेल्या माशांची डोकी कापून फ्रीझरमध्ये ठेवायची हे त्याला सुचलं. ती पुढे बॉस्टनला जाऊन स्कॅन झाली, तेव्हा कानांभोवती रक्तस्राव दिसला. डिसेंबर २००१ मध्ये नौदल आणि अमेरिकेचंच सरकारी सागरी खातं यांच्या संयुक्त अहवालात सोनार हेच सर्वांत संभवनीय कारण म्हणून मान्य केलं गेलं. त्याआधी मे १९९६ मध्ये ग्रीसच्या किपारिसिया आखातात डझनभर चोचवाले असेच लागले होते. तेव्हा नाटोचं एक संशोधन जहाज तिथे सोनारची चाचणी घेत होतं.

म्हणजे पोरगं पूर्ण चूक नाही. पण जिथे जिथे हा संबंध पक्का झालाय, तिथे माशाची जात ठरलेली आहे, सोनारचा प्रकार ठरलेला आहे, आणि मासे एकाच सुमाराला पण लांब लांबच्या किनाऱ्यांवर विखुरलेले आहेत. त्या व्हिडिओतल्या माशाच्या गळ्याखाली लांब पन्हळ्या होत्या आणि चोच मुळीच नव्हती. तो दुसऱ्याच घराण्यातला.

जाणकारांनी भर घालावी. चुकत असेन तर कान धरा.

---

गावठी_कोंबडा
रविवार, रात्री १०:०२

चीफसाहेब, पहिला नंबर. पण चोचवाला देवमासा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बदकच येतंय. कोणीतरी नीट सांगा.

---

पशुवैद्य_बाई
रविवार, रात्री ११:१५

बदक नाही हो, फुगलेल्या डॉल्फिनच्या जवळ जा. पाच-सात मीटर लांब, तोंड पुढे निमुळतं. हे किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात राहतात आणि माकूळ खातात. दिवसाचा बहुतेक वेळ बुडालेले असतात, म्हणून जिवंत बघितलेली माणसं थोडी. यांच्यातल्या क्यूव्हिए जातीच्या नावावर सस्तन प्राण्यांमधले दोन्ही विक्रम आहेत: २,९९२ मीटर खोल डुबकी, आणि एका दमात २२२ मिनिटं. पावणेचार तास श्वास न घेता! मी स्वयंपाकघरात मिरची फोडणीला टाकली की वीस सेकंद टिकत नाही.

आता आवाजाने हे मरतात कसे? लोकांना वाटतं कानाचे पडदे फुटतात. प्रकरण बहुधा तसं नाही. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नौदलांचा मोठा सराव चालू होता. सोनार सुरू झाल्यावर साधारण चार तासांत फुएर्तेव्हेन्तुरा आणि लान्झारोते या बेटांवर चोचवाले लागायला सुरुवात झाली, एकूण १४. या वेळी तिथे शवविच्छेदन करणारे लोक तयार होते, आणि मासे ताजे होते. ताजे हा शब्द महत्त्वाचा आहे, त्यावर परत येते. रक्तवाहिन्यांत आणि यकृतात वायूचे बुडबुडे मिळाले, चरबीचे कण रक्तात अडकलेले मिळाले, मेंदूभोवती आणि कानांभोवती रक्तस्राव. पोटात नुकतं खाल्लेलं अन्न. म्हणजे काही तासांपूर्वीपर्यंत जनावर ठणठणीत होतं.

खोल पाण्यात उतरलेल्या माणसांना घाईने वर आणलं तर जो आजार होतो, त्याच्याशी हे जुळतं. खोलात रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर येताना हळूहळू सुटायला हवा. या माशांचं शरीर त्यासाठी डुबकीच्या एका ठरलेल्या लयीवर बेतलेलं आहे. सोनार ऐकून ते घाबरतात (काही जणांच्या मते त्यांना तो आवाज शिकारी ओर्कासारखा (किलर व्हेलसारखा) वाटतो), डुबकी मोडतात, भलत्या वेगाने किंवा भलत्या क्रमाने वर-खाली करतात, आणि लय बिघडते. आवाज थेट मारत नाही, तो पळायला लावतो.

स्पेनने २००४ मध्ये कॅनरी बेटांभोवती ५० सागरी मैलांत असं सोनार वापरायला बंदी केली. त्याआधी तिथे वारंवार असे प्रकार घडले होते. बंदीनंतर तशी सामूहिक घटना झाली नाही, असं तिथल्याच शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये लिहिलं. मला या सगळ्या विषयात याहून स्वच्छ पुरावा दिसत नाही.

---

शंकासुर
सोमवार, सकाळी ८:२०

वा. म्हणजे सिद्ध झालेलं आहे, तरी धाग्याचं शीर्षक 'दर वेळी सोनारच का' असं. नौदलाच्या सोनारचा आवाज २३५ डेसिबल असतो. रॉकेट उडतं तेव्हा १८० च्या आसपास. १२० ला माणसाचे कान दुखायला लागतात. आता सांगा, २३५ मध्ये कुठलाही मासा जगेल का? चोच असो वा नसो.

---

घातांक
सोमवार, सकाळी ९:०५

शंकासुरराव, हा २३५ चा आकडा मी दर दोन महिन्यांनी कुठेतरी खोडतो, आज इथे.

पाण्यातला डेसिबल आणि हवेतला डेसिबल एकच नाहीत. मोजणीचा शून्यच वेगळ्या जागी आहे: हवेत २० मायक्रोपास्कल, पाण्यात १. तिथेच २६ गेले. शिवाय तेवढ्याच दाबाला पाण्यातून ऊर्जा फार कमी वाहते, त्याचे ३६. मिळून ६२ च्या आसपास वजा करायचे, म्हणजे उरले १७३. तेही सोनारपासून १ मीटरवर मोजल्यासारखं धरलेलं. मोकळ्या पाण्यात अंतर दहापट झालं की साधारण २० उतरतात, म्हणजे एक किलोमीटरवर पाण्याच्या मापाने १७५.

पण यावरून 'मग काहीच नाही' असंही होत नाही. चोचवाल्यांवर उपकरणं चिकटवून, त्यांना मुद्दाम सोनारचा आवाज ऐकवून बघितलं, तेव्हा १३० च्याही खाली त्यांनी खाणं सोडलं आणि तिथून निघून गेले. म्हणजे कान फुटण्याच्या पातळीवर भांडण्यात अर्थच नाही. बाई म्हणतात तेच, घाबरण्याची पातळी बघा, ती फार खाली आहे.

आणि अंतराचंही आपल्याला हवेच्या हिशोबाने कळत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त. खोल समुद्रात एक थर असा असतो की आवाज त्यात पन्हळीत सापडल्यासारखा वाहत राहतो. जानेवारी १९९१ मध्ये आपल्याच हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला हर्ड बेटाजवळ पाण्यात खर्जाचा आवाज सोडला होता. तो अटलांटिकमध्ये बर्म्युडाला ऐकू आला. देवमासे हा पाण्याखालचा टेलिफोन आपल्या कितीतरी आधीपासून वापरतायत.

---

शंकासुर
सोमवार, सकाळी ९:३१

६२ वजा करणं मान्य. चिडून लिहिलं होतं. घाबरण्याची पातळी मात्र माझ्याच बाजूची आहे, हे नोंदवून ठेवतो.

---

जुना_वाचक
सोमवार, दुपारी १२:४४

जानेवारी २०१६ मध्ये तमिळनाडूत तिरुचेंदूरजवळ ऐंशीहून अधिक पायलट व्हेल किनाऱ्याला लागले. ढकलून आत सोडले तरी काही परत परत येत होते. तेव्हाही भूकंप, सोनार, सगळ्यांची नावं घेतली गेली. पण त्याच किनाऱ्यावर जानेवारी १९७३ मध्ये १४७ लागले होते. न्यूझीलंडच्या फेअरवेल स्पिटवर तर हे वरचेवर होतं, फेब्रुवारी २०१७ मध्ये ४०० च्या वर. किनारा इतका उथळ आणि हळूहळू चढणारा की माशाने वाट चाचपायला पाठवलेला आवाज नीट परततच नाही, आणि ओहोटी लागली की पाणी कधी गेलं ते कळत नाही. पायलट व्हेल एकमेकांना सोडत नाहीत. एक आजारी पुढे गेला की कळप मागे.

मासे किनाऱ्यावर का चढतात हा प्रश्न ॲरिस्टॉटललाही पडला होता. त्याच्या काळात सोनार नव्हतं, एवढंच म्हणतो आणि चहाला जातो.

---

गावठी_कोंबडा
सोमवार, दुपारी १२:५०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

अनघा_वाचते
सोमवार, दुपारी ३:१८

माझं माहेर मालगुंडचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू लागलं तेव्हा दिवाळीसाठी तिकडेच होते. बातम्यांत ३५ फूट वगैरे आकडे आले, पण जवळ गेल्यावर आकड्याने काही होत नाही. लोक बादल्यांनी पाणी ओतत होते, ओली कापडं टाकत होते. एका आजी त्याच्याकडे बघून हात जोडून उभ्या होत्या. मला आठवतो तो श्वासाचा आवाज. बराच वेळ काहीच नाही, आता संपलं असं वाटावं, आणि मग एकदम प्रेशर कुकरची शिटी निघावी तसा फुस्स. प्रत्येक वेळी गर्दी दचकून एक पाऊल मागे.

पुष्कळ खटपटीने त्याला टगबोटीने समुद्रात नेलं. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. पण ते वाचलं नाही.

माझा प्रश्न साधा आहे. त्याला काय झालं होतं? आई कुठे होती? जहाजांच्या आवाजात तिच्यापासून चुकलं असेल का?

---

पशुवैद्य_बाई
सोमवार, संध्याकाळी ६:५५

अनघा, असं होऊ शकतं का, तर हो. तसंच झालं का, हे बाहेरून बघून कोणीही सांगू शकत नाही. एकटं पिल्लू किनाऱ्याला लागलं की आजार, उपासमार, आईचा मृत्यू, जहाजाचा धक्का, सगळंच शक्य असतं.

आता ताज्याबद्दल. आवाजाचा पुरावा कानाच्या आतल्या भागात आणि ऊतींमधल्या बुडबुड्यांत असतो, आणि दोन्ही पहिल्या काही तासांत बिघडायला लागतात. देवमाशाच्या अंगावरच्या चरबीमुळे मेल्यावरही आतली उष्णता बाहेर जात नाही. जाड रजईत गुंडाळून ठेवल्यासारखं ते आतून शिजत जातं. आपल्याकडे पावसाळ्यात वारा किनाऱ्याकडे असतो, दूर मेलेलं जनावर कित्येक दिवसांनी वाहत येतं. पोट फुगलेलं, कातडी सुटलेली, वास गावभर. मग जेसीबीने खड्डा करून पुरायचं, त्यालाही दुसरा इलाज नसतो. जून २०१५ चा रेवदंड्याचा ४२ फुटी निळा देवमासा, जानेवारी २०१६ चा जुहूचा ब्राइड्स देवमासा, ही नावं लोकांच्या लक्षात आहेत. पण जुहूचा मेलेलाच आला होता. अशा जनावराचा कान उघडून आवाजाबद्दल काही बोलायचं म्हणजे जळून गेलेल्या घरात पत्र शोधण्यासारखं.

म्हणून चिडचिड होते. 'सोनारने मेला' लिहिणाऱ्याने कान बघितलेला नसतो, आणि 'आवाजाचा संबंध नाही' म्हणणाऱ्यानेही नाही.

जाता जाता: जिवंत मासा लागला तर शेपटीला दोर बांधून ओढू नका, मणका निखळतो. डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. अंग ओलं ठेवा, गर्दी मागे हटवा, वनखात्याला कळवा.

---

जर्सीकर
मंगळवार, पहाटे ४:१० (तुमच्याकडे)

धाग्याचं शीर्षक आमच्याकडे चपखल बसतं, फक्त सोनारच्या जागी पवनचक्की घाला. २०२२-२३ च्या हिवाळ्यात न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या किनाऱ्यांवर एकामागून एक मेलेले हंपबॅक जातीचे देवमासे यायला लागले. त्याच सुमाराला समुद्रात पवनचक्क्यांसाठी तळाचं, पाण्यात आवाज सोडून करायचं सर्वेक्षण चालू होतं. झालं, 'व्हेल वाचवा' च्या पाट्या अंगणांत लागल्या, आणि ज्यांनी जन्मात देवमाशाचं नाव घेतलं नव्हतं ते सभांतून रडवेले होऊन बोलायला लागले.

सरकारी सागरी खात्याची नोंद अशी की पूर्व किनाऱ्यावर हंपबॅक मरण्याचं प्रमाण जानेवारी २०१६ पासूनच वाढलेलं आहे. ज्यांची तपासणी होऊ शकली त्यातल्या सुमारे ४० टक्क्यांवर जहाजाच्या धडकेच्या किंवा जाळ्यात अडकल्याच्या खुणा होत्या. सर्वेक्षणाशी जोडणारा पुरावा मिळालेला नाही. इथे मेनहेडन नावाचे छोटे मासे किनाऱ्याजवळ येतात, त्यांच्या मागे तरुण हंपबॅक येतात, आणि तीच जागा जहाजांच्या वाटेची. माझ्या शेजाऱ्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला पवनचक्कीवाल्यांनी पैसे दिलेत का?" चीफसाहेब, तुमचा पोरगा आणि माझा शेजारी भाऊ-भाऊ निघायचे.

---

शंकासुर
मंगळवार, सकाळी ७:४५

जर्सीकर, ठीक. पण या '४० टक्के' चा अर्थ उरलेल्या ६० टक्क्यांचं काही कळलं नाही असाही होतो. आणि किनाऱ्याला लागणं हाच एक निकष का? गोंगाटाने जनावर मरत नसेल, पण जगताना छळ होतच असेल ना?

---

घातांक
मंगळवार, सकाळी ८:३०

हा मुद्दा चांगला आहे, आणि त्याला उत्तर आहे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही दिवस अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यावरची जहाजवाहतूक मंदावली. कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्याखालचा गोंगाट ६ डेसिबलने उतरला. तिथे राइट व्हेल या देवमाशांची विष्ठा गोळा करणारं एक पथक आधीपासून कामाला होतं (हो, विष्ठा. पुढे पुढे तर वास काढणारी कुत्री बोटीत घेऊन फिरायचे). त्या दिवसांत विष्ठेतली ताणाची संप्रेरकं उतरलेली सापडली. हा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. नमुने थोडे, पण असा प्रयोग मुद्दाम कोणाला करता येणार?

दुसरं, देवमाशाच्या कानात मळाचा गठ्ठा साठत जातो, झाडाच्या खोडासारखे थर असलेला. त्या थरांतून ताणाचं संप्रेरक मोजून २०१८ मध्ये जवळपास दीडशे वर्षांचा आलेख काढला. शिकार वाढली की ताण वाढला, शिकार थांबत गेली तसा उतरला. अपवाद दुसऱ्या महायुद्धाचा: तेव्हा शिकार कमी झाली होती आणि ताण वाढला होता. युद्धनौका, पाणबुड्या, पाण्यात फुटणारे बॉम्ब. मेलेल्या माशाच्या कानात महायुद्ध सापडतं, मला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती.

---

निवृत्त_चीफ
मंगळवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. दोन दिवसांत इतकं शिकलो.

शंकासुर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाशी मी सहमत आहे, आणि तो माझ्या धंद्याचा आहे. व्यापारी जहाजाचा आवाज माशाला किनाऱ्यावर फेकत नाही. तो हायवेला लागून घर असल्यासारखा आहे, चोवीस तास. शेजारच्या खोलीतून पोराने मारलेली हाक ऐकू येत नाही. आणि यावर इलाज ठाऊक नाही असंही नाही. पंखा स्वच्छ ठेवा, पाती नीट घडवा, वेग कमी करा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये सुधारल्या. दोन्ही ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे काय होतं ते जहाजावर राहिलेल्याला सांगायला नको. वरून फोन येतो, "चीफ, बर्थ सकाळी सहाची आहे, आरपीएम वाढवा," आणि आपण वाढवतो. व्हँकुव्हर बंदराने ओर्कांसाठी जहाजांना हळू चालवायला सांगितलं आणि पुष्कळ जहाजं ऐकतात, हे वाचून बरं वाटलं.

मी हजारो वेळा आरपीएम वाढवलेत. त्या पोराला ग्रुपवर तेवढं लिहिलं. त्याने अंगठा दाखवला.

---

रापणकर
बुधवार, रात्री ११:५०

उशिरा आलो. बोट लावून आत्ता जेवलो. मी शिकलेला नाय, पण तुमचं सगळं वाचलं.

आमचे आजोबा वल्ह्याने आवाज ऐकायचे. वल्हं सरळ पाण्यात उभं धरायचं आणि वरच्या टोकाला कान लावायचा. ढोमी, घोळ ही कुळी पाण्यात आवाज करते, बेडकासारखा, कधी लाकडी दार कुरकुरल्यासारखा. थवा कुठे आणि केवढा, ते त्यावरून सांगायचे. मला लहानपणी ऐकवलंय. आधी आपल्याच कानात रक्त वाजतं तेवढंच ऐकू येतं, मग हळूहळू खालचं यायला लागतं.

पुढे बोटीला इंजिन आलं. आजोबा एकदाच आले त्या बोटीवर. बाबांना म्हणाले, "इंजान बंद कर रे, माका आयकूक दी." बाबांनी बंद केलं. आजोबांनी कान लावला, बराच वेळ तसेच बसले. तेव्हा मला वाटलं मासा नसेल. पण लांब दुसऱ्या तीन बोटी चालू होत्या. त्यांनी वल्हं उचलून आत ठेवलं आणि म्हणाले, चला.

आता आमच्याकडे फिशफाइंडर आहे. त्याचाही आवाज पाण्यात जातो, तो तुमच्या त्या सोनारातच धरायचा का? घातांकभाऊ, सवडीने सांगा. देवमासा आम्हाला वर्षातून एक-दोनदा लांब दिसतो, फवारा दिसतो पहिला. तेव्हा आम्ही इंजिन न्यूट्रल करतो. कायदा म्हणून नाय, बाबांपासूनची सवय आहे.